अभिप्राय आधी, व्याख्यान नंतर : एरंडवण्यातील फ्रेंच कादंबऱ्यांचा वाचनवर्ग

एरंडवण्यात नळ स्टॉपपासून पायी जाण्याच्या अंतरावर असलेल्या एका खासगी ग्रंथालयात अभिजात फ्रेंच कादंबऱ्यांचा सहा महिन्यांचा वाचनवर्ग चालतो. त्याचे नुकतेच संपलेले सत्र मी सभासद म्हणून पूर्ण केले. वर्गातल्या जागा मोजक्या असतात आणि त्या जुन्या सभासदांच्या ओळखीतूनच भरतात, त्यामुळे ग्रंथालयाचे नाव प्रसिद्ध करू नये अशी विनंती संयोजकांनी केली आहे व ती मी पाळतो. वर्गाची पद्धत मात्र कोणत्याही ग्रंथालयाला, महाविद्यालयाला किंवा गृहसंस्थेला उचलता येईल अशी आहे, आणि या परीक्षणाचा खरा विषय ती पद्धतच आहे.

एका कादंबरीसाठी साधारण पाच आठवडे मिळतात. चर्चेच्या रविवारआधी, शुक्रवारी संध्याकाळपर्यंत, प्रत्येक सभासदाने आपला अभिप्राय एका पानात लिहून ग्रंथपालांकडे द्यायचा. त्यावर नाव घालायचे नाही. रविवारी सकाळी ग्रंथपालबाई हे सगळे कागद एकामागून एक वाचून दाखवतात आणि ते वाचून होईपर्यंत मार्गदर्शक सर काहीही बोलत नाहीत. कादंबरीचा काळ, लेखकाचे चरित्र, समीक्षकांची मते हे सारे त्यानंतर. चहा झाल्यावर मोकळी चर्चा होते, आणि बहुतेक जण तेव्हा आपला कागद कोणता होता ते आपण होऊन सांगतात. सत्र संपले की हे कागद बांधून त्यांची वही करतात आणि ती ग्रंथालयाच्या कपाटात राहते. परदेशी अभिजात साहित्य वाचताना आपल्यापैकी पुष्कळ जण आधी प्रस्तावना वाचतात, मग पुस्तक, आणि बोलायची वेळ आली की प्रस्तावनेतलेच बोलतात. येथे तो आधार काढून घेतलेला असल्यामुळे वाचकाला स्वतःच्या अनुभवाखेरीज दुसरे काही हाताशी नसते, आणि त्या अनुभवातून आलेले बोलणे कादंबरीला किती जवळून भिडते, हे मला या वर्गात पुन्हा पुन्हा दिसले.

पहिली कादंबरी मादाम द ला फायेत यांची ‘ला प्रँसेस द क्लेव्ह’ होती. १६७८ मध्ये पॅरिसमध्ये लेखिकेच्या नावाविना प्रसिद्ध झालेले हे छोटेखानी पुस्तक फ्रान्सच्या दुसऱ्या हेन्री राजाच्या दरबारात घडते. सोळाव्या वर्षी दरबारात आलेल्या नायिकेचे लग्न अशा पुरुषाशी होते, ज्याच्याविषयी तिला आदर आहे पण ओढ नाही. पुढे नमूरच्या ड्यूकवर तिचे मन जडते, आणि पाऊल घसरण्याच्या भीतीने ती थेट नवऱ्यापुढेच मनाची कबुली देते, फक्त त्या पुरुषाचे नाव सांगत नाही. नवरा संशयाने झुरून मरतो. त्यानंतर मार्ग मोकळा असतानाही ती ड्यूकला नकार देते आणि दरबारापासून कायमची दूर जाते.

त्या रविवारी वाचले गेलेले कागद मी विसरणार नाही. एका सभासदाने लिहिले होते की नायिकेने खरे बोलून आपल्या मनावरचे ओझे उतरवले आणि ते नवऱ्याच्या छातीवर ठेवले, याला प्रामाणिकपणा म्हणायचे असेल तर तो फार महागडा प्रामाणिकपणा आहे. दुसऱ्या कागदावर याच्या नेमके उलट मत होते: संसारात एकदा तरी असे बोलता आले असते तर पुढची चाळीस वर्षे वेगळी गेली असती. हा कागद कोणाचा होता ते चहानंतरही कोणी सांगितले नाही आणि कोणी विचारलेही नाही. तरुण सभासदांना कबुलीत विशेष काही वाटले नव्हते. त्यांचा सगळा रोष शेवटच्या नकारावर होता. त्यावर कोथरूडहून येणाऱ्या एका काकूंनी शांतपणे सांगितले, “अगं, तिला ड्यूक नको असं नाही, तिला पुन्हा कोणावर विसंबणं नको आहे.” कबुली द्यायला हवी होती की नव्हती यावर वर्ग जवळजवळ निम्मानिम्मा विभागला गेला.

हे सगळे झाल्यावर सरांनी सांगितले की हाच प्रश्न १६७८ मध्ये ‘मेर्क्यूर गालाँ’ या नियतकालिकाने आपल्या वाचकांपुढे जाहीरपणे ठेवला होता आणि फ्रान्सच्या गावोगावहून उत्तरे आली होती. त्या काळच्या बहुसंख्य वाचकांचे मत तिने नवऱ्याला सांगायला नको होते असे पडले. वाचकांचे मत मागवण्याची ही रीत कादंबरी या प्रकाराच्या जवळजवळ बाल्यावस्थेतली आहे, आणि ज्या वर्गाने ती नकळत पुन्हा पार पाडली होती, त्याला हे सांगितल्याबरोबर खोलीतले वातावरण बदलले. सरांनी हीच माहिती सुरुवातीला दिली असती तर सर्वांनी १६७८ च्या वाचकांविषयी मते मांडली असती, नायिकेविषयी नाही. याच पुस्तकावर फ्रान्सचे माजी राष्ट्राध्यक्ष निकोला सार्कोझी यांनी जाहीर टीका केली, तेव्हा २००९ मध्ये फ्रान्समधील प्राध्यापक व विद्यार्थ्यांनी रस्त्यावर त्याचे सार्वजनिक वाचन करून निषेध नोंदवला, हेही त्या दिवशी समजले.

दुसरे पुस्तक बाल्झाकचे ‘ल पेर गोरियो’, १८३५ चे. सत्रातला सर्वांत भारी अभिप्राय मला येथे ऐकायला मिळाला. वृद्ध गोरियो आपली सारी संपत्ती दोन मुलींवर उधळतो आणि मरणशय्येवर त्याची शुद्ध हरपेपर्यंत दोघींपैकी एकही उशाशी येत नाही. अंत्ययात्रेला मुलींच्या घरच्या फक्त रिकाम्या बग्ग्या येतात. पुण्यातल्या वाचकाला येथे ‘नटसम्राट’ आठवणे अपरिहार्य आहे आणि निम्म्या कागदांवर गणपतराव बेलवलकर होतेच. एका निवृत्त शिक्षिकेने मात्र या तुलनेला ठाम हरकत घेतली. गोरियो हा शेवयांचा व्यापारी, क्रांतीच्या टंचाईच्या काळात पिठाच्या भावावर त्याने पैसा केला, आणि मुलींना त्याने आयुष्यभर मागतील ते विकत घेऊन देण्यापलीकडे काही शिकवले नाही. त्यामुळे त्याच्या दुःखाने रडावे, पण त्याला निरपराध ठरवू नये, असे त्यांचे म्हणणे होते. हे मत मला पूर्णपणे पटते.

ज्या अभिप्रायाचा मी उल्लेख केला तो गोरियोविषयी नव्हता. कादंबरीच्या सुरुवातीला मादाम व्होके हिच्या खानावळवजा वसतिगृहाचे पानेच्या पाने वर्णन आहे, आणि त्या वर्णनाला बहुतेकांनी कंटाळवाणे ठरवले होते. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या, मूळ नांदेड जिल्ह्यातल्या एका तरुणाने लिहिले होते की त्याला त्यातली एकही ओळ जास्तीची वाटली नाही. कोणत्या मजल्यावर कोण राहतो आणि किती भाडे देतो, जेवणाच्या टेबलावर कोणाला काय वाढले जाते, मालकीण कोणाशी कोणत्या सुरात बोलते, यावरच तेथल्या माणसाची किंमत ठरते. जो असा राहिला आहे त्याला हे वर्णन म्हणजे रोजचा हिशेब वाटतो. पुढे त्याने रास्तिन्याकच्या पत्राविषयी लिहिले होते. कायद्याच्या अभ्यासासाठी पॅरिसला आलेला हा मुलगा उच्चभ्रू समाजात वावरण्याजोगे कपडे घेता यावेत म्हणून आईकडे बाराशे फ्रँक मागतो, आई दागिने विकून ते पाठवते, आणि बहिणी आपली साठवलेली पुंजी पाठवतात. “हे पत्र मी पुन्हा वाचू शकलो नाही. मी असे पत्र लिहिलेले नाही, मी फोन केला होता,” एवढ्यावर तो कागद संपला होता.

त्यानंतर बराच वेळ कोणी बोलले नाही. सरांनी व्याख्यान पुढे ढकलून त्या मुलाला बोलू दिले, हा त्यांचा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. वर्णनाचा कंटाळा आला असे लिहिणाऱ्यांपैकी काहींनी घरी जाऊन ती पाने पुन्हा वाचली, हे पुढच्या रविवारी कळले. बाल्झाकला त्याच्या वाचकांची, विशेषतः स्त्रीवाचकांची, असंख्य पत्रे येत. त्यांतले एक १८३२ मध्ये ‘परकी स्त्री’ अशा सहीने आले. ते लिहिणाऱ्या युक्रेनमधल्या एव्हेलिना हान्स्काशी त्याने १८५० च्या मार्चमध्ये लग्न केले आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये तो गेला. ही हकिकत सर्वत्र सांगितली जाते. आमच्या वर्गात मात्र त्या मुलाच्या कागदानंतर ती ऐकताना, वाचकाने लेखकाला पत्र लिहिणे म्हणजे काय असते हे थोडे अधिक समजले.

‘मादाम बोव्हारी’च्या रविवारी पद्धत उत्तम चालली आणि मार्गदर्शन कमी पडले. फ्लोबेरने जवळपास पाच वर्षे खपून लिहिलेली ही कादंबरी १८५६ च्या शेवटी ‘रेव्ह्यू द पारी’मध्ये क्रमशः आली आणि पुढच्याच वर्षी तिच्यावर सार्वजनिक नीतिमत्तेला धक्का पोहोचवल्याचा खटला भरण्यात आला. ७ फेब्रुवारी १८५७ रोजी फ्लोबेर निर्दोष सुटला. सरकारी वकील पिनार याच्या युक्तिवादातला एक मुद्दा असा होता की विवाहबाह्य प्रेमात पडणाऱ्या नायिकेला, एमाला, दोषी ठरवू शकेल असे एकही पात्र पुस्तकात नाही. आमच्या वर्गात ते काम वाचकांनी केले. आपल्या लहान मुलीला ती ढकलते आणि मुलीच्या गालाला जखम होते, त्या एका प्रसंगावर सात-आठ कागद होते आणि त्यांपैकी बहुतेक संतापाने लिहिलेले होते. फ्लोबेर स्वतः निवाडा करत नाही म्हणून वाचकाला तो करावा लागतो, आणि निवाडा करताना वाचक स्वतःविषयी पुष्कळ बोलून जातो; पिनारला जी उणीव वाटली ती या कादंबरीची ताकद आहे, हे त्या संतापलेल्या कागदांनी कोणत्याही व्याख्यानापेक्षा स्पष्ट केले.

याच बैठकीत सहकारी बँकेतून निवृत्त झालेल्या एका सभासदांनी कादंबरीतली कर्जाची बाजू मांडायला घेतली होती. एमा प्रेमभंगाने मरते असे आपण सर्रास म्हणतो; त्यांचे म्हणणे होते की ती उधारीने मरते. गावातला व्यापारी आधी गोड बोलून कापड आणि शोभेच्या वस्तू देतो, पैसे मागत नाही; मग वचनचिठ्ठीवर सही घेतो, मुदत संपली की जुन्या चिठ्ठीच्या जागी वाढीव रकमेची नवी घेतो, नवऱ्याचे मुखत्यारपत्र तिच्या नावे करून घ्यायला तिला सुचवतो, आणि शेवटी चिठ्ठ्या दुसऱ्याच्या हातात जाऊन आठ हजार फ्रँकांचा हुकूमनामा दारावर येतो. प्रत्येक पायरीवर व्याज कसे चढत गेले हे ते फळ्यावर मांडू लागले होते, आणि मी पाहिलेल्या कोणत्याही प्रस्तावनेत हा भाग इतका सुबोध मांडलेला नाही. दुर्दैवाने वेळ कमी असल्याचे सांगून सरांनी त्यांना थांबवले आणि फ्लोबेरच्या शैलीवर पाऊण तास भाषण केले. भाषण अभ्यासपूर्ण होते. कृषिप्रदर्शनाच्या प्रसंगात एमाचा प्रियकर रोदोल्फ याचे प्रेमाचे बोलणे आणि शेणखताच्या बक्षिसाची घोषणा कशी एकमेकांत गुंफली आहे, हे त्यांनी छान उलगडले. तरीही ज्या वर्गाचे वैशिष्ट्यच वाचकाला आधी आणि पुरेसे ऐकणे हे आहे, तेथे हे व्हायला नको होते. त्या सभासदांनी आपले टिपण नंतर वहीत जोडले आहे, एवढे समाधान आहे.

व्हिक्टर ह्यूगोच्या ‘ले मिझेराब्ल’विषयी माझी तक्रार गंभीर आहे. १८६२ मध्ये पाच भागांत आलेली, ३६५ प्रकरणांची ही कादंबरी पाच आठवड्यांत संपणार नाही हे उघड असल्याने ग्रंथालयाने संक्षिप्त इंग्रजी आवृत्ती वाटली. त्यातून वाटर्लूची लढाई, पॅरिसच्या भुयारी गटारांचा इतिहास आणि बिशपच्या दिनक्रमाची सुरुवातीची पाने जवळजवळ सगळी गाळलेली होती. परिणाम कागदांवर दिसला. नायक जाँ व्हालजाँने ब्रेड चोरल्याबद्दल आणि मग पळून जाण्याच्या प्रयत्नांसाठी मिळून १९ वर्षे कैदेत काढली, बिशपने त्याला चांदीच्या शमादान्या दिल्या, त्याच्या मागावरचा पोलीस अधिकारी झाव्हेर याने सेन नदीत उडी घेतली, एवढ्यावरच सर्वांचे अभिप्राय घोटाळत राहिले आणि जवळजवळ सारखेच झाले. बिशप किती साधा राहतो हे पन्नास-साठ पाने सोसून वाचलेले असेल तरच चांदी देण्याच्या त्या एका कृतीचे वजन कळते. वाटर्लूच्या रणांगणावर लबाड थेनार्दिये मृतांचे खिसे चाचपत असताना कादंबरीतल्या मारियस या तरुणाच्या वडिलांशी त्याची गाठ पडते, ते गाळले की पुढे मारियसच्या मनावर असलेला उपकाराचा भार पोकळ वाटतो. कवी लामार्तिनने हे पुस्तक लोकांच्या मनात अशक्याची ओढ निर्माण करते म्हणून धोकादायक ठरवले होते, आणि कवी बोदलेरने छापील लेखात स्तुती करून आईला लिहिलेल्या पत्रात त्याची निर्भर्त्सना केली होती. इतक्या तीव्र प्रतिक्रिया उठवणारे पुस्तक आमच्या वर्गात सर्वांना नुसते ‘हृदयस्पर्शी’ वाटले, याचा दोष वाचकांचा नाही. संपूर्ण आवृत्ती देऊन सत्र दोन महिन्यांनी वाढवले असते तरी चालले असते.

‘जर्मिनाल’साठी संपूर्ण पुस्तक दिले होते आणि फरक लगेच जाणवला. खाणकामगारांच्या संपावरची १८८५ मधली ही कादंबरी लिहिण्याआधी झोलाने १८८४ मध्ये उत्तर फ्रान्समधील आंझँ येथे संप चालू असताना जाऊन पाहणी केली आणि तो स्वतः खाणीत उतरला. वर्गात चंद्रपूरच्या एक ताई होत्या, त्यांच्या वडिलांची नोकरी कोळसा खाणीत झाली. संप, भूक, गोळीबार यांविषयी इतरांनी भरभरून लिहिले होते. ताईंचा कागद बाताय या घोड्याविषयी होता, जो दहा वर्षे जमिनीखाली राहून सूर्यप्रकाश जवळजवळ विसरला आहे आणि नव्याने खाली उतरवलेल्या घोड्याच्या अंगाला उन्हाचा वास येतो म्हणून त्याला हुंगत राहतो. वडील पाळीवरून आले की अंगणात उन्हाकडे तोंड करून बसत, ते का बसत हे आपण कधी विचारले नाही, असे त्यांनी लिहिले होते. १९०२ मध्ये झोलाच्या अंत्ययात्रेत खाणकामगारांनी “जर्मिनाल! जर्मिनाल!” असा घोष केला होता, ही माहिती सरांनी या वेळी दोन वाक्यांत सांगितली आणि थांबले.

दरवेळी चर्चेनंतर दिली जाणारी दोन पानी टिपणे चांगली आहेत. त्यांतले क्रमशः कादंबऱ्यांवरचे टिपण पुण्याच्या वाचकाने मुद्दाम मिळवून वाचावे असे आहे. १८४२-४३ मध्ये एजेन स्यूची ‘पॅरिसची रहस्ये’ वर्तमानपत्रात येत असताना वाचकांनी त्याला शेकडो पत्रे लिहिली, पात्रांना वाचवण्याच्या विनंत्या केल्या, आपल्या हलाखीच्या हकिकती कळवल्या. तिच्या धर्तीवर इंग्रजीत रेनॉल्ड्सने लंडनची रहस्ये लिहिली, भारतात रेनॉल्ड्स प्रचंड वाचला गेला, आणि १८८५ मध्ये आलेली हरिभाऊ आपटे यांची पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’ त्याच्याच आधाराने लिहिलेली होती. पॅरिसहून लंडनमार्गे पुण्यात पोहोचलेली ही वाट टिपणात जेमतेम एका परिच्छेदात आटोपली आहे. तिच्यावर एक स्वतंत्र बैठक व्हावी.

सोयींविषयी थोडक्यात. सत्राची वर्गणी १,८०० रुपये आहे आणि ५०० रुपये अनामत परत मिळते. पुस्तके बहुतांशी इंग्रजी अनुवादाची असतात, चर्चा मराठीत होते, आणि रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंच शिकलेले दोन-तीन सभासद मूळ पुस्तक घेऊन येतात, त्याचा सर्वांना उपयोग होतो. खोली पहिल्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. वर्गात सत्तरीपुढचे बरेच सभासद असल्याने तळमजल्याचा विचार व्हायला हवा. नळ स्टॉपचे मेट्रो स्थानक जवळ आहे, गाडी आणण्याचा आग्रह धरू नये.

अभिप्रायांच्या जुन्या वह्या सभासदांना ग्रंथालयात बसून वाचता येतात. कामूच्या ‘लेत्रांजे’वरची आधीच्या एका सत्रातली पाने मी चाळली. आईच्या अंत्यविधीला न रडणाऱ्या नायकाविषयी तेथे जे लिहिले गेले आहे, त्यात कोविडच्या काळात आपल्या माणसाचे शेवटचे दर्शनही न झालेल्यांचे कागद आहेत. या वह्यांची दुसरी प्रत कोठेही नाही. संयोजकांनी त्यांच्या छायाप्रती करून त्या शहरातल्या एखाद्या जुन्या सार्वजनिक ग्रंथालयात ठेवाव्यात, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

पुढच्या सत्रासाठी सभासदांकडून पुस्तके सुचवून घेतली जात आहेत. मी द्यूमाची ‘काउंट ऑफ माँते क्रिस्टो’ सुचवली आहे. तुरुंगात नायक एदमों दाँतेसला भाषा, गणित आणि इतिहास शिकवणारा आबे फारिया कादंबरीत इटालियन आहे. पण ज्याच्यावरून द्यूमाने हे नाव घेतले तो खरा आबे फारिया १७५६ मध्ये गोव्यात बारदेशातल्या कांदोळीला जन्मला, पॅरिसमध्ये संमोहनविद्येचे प्रयोग करून गाजला आणि १८१९ मध्ये तेथेच वारला. पणजीतला त्याचा पुतळा आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेला आहे. वर्गाच्या नियमाप्रमाणे ही माहिती कागद वाचून झाल्यावरच सांगावी, आणि पुस्तक संक्षिप्त आवृत्तीत देऊ नये.